वडिलांच्या नावाचं मीटर

"म्हणजे पैसे तुझे, चूकही तुझीच... मग सही मुकुंदाची कशाला?"

नूरबाबा फकिरांनी एवढं विचारलं आणि गोधडीला पुढचा टाका घातला.

तळ्यावर धुकं इतकं दाट होतं की पलीकडं आपलं गाव आहे की नाही, तेही कळत नव्हतं. झोपडीच्या दाराशी ऊद जळत होता. त्यातला धूर कुठला आणि धुकं कुठलं, सांगता आलं नसतं. चिंचेखाली बसलेल्या विश्वंभरराव शेट्यांना वाटत होतं, आपण घरून निघालो खरे, की अजून अंथरुणातच आहोत?

मांडीवरची फाईल मात्र खरी होती. चांगली जाडजूड.

विश्वंभरराव म्हणजे कागदाचा किडा. तहसीलच्या ट्रेझरीत एकतीस वर्षं काढली, पण न वाचलेल्या कागदावर कधी सही केली नाही. हे ते कुणालाही सांगत, आणि समोरच्यानं विचारायची वाट बघत नसत.

"बँकेचा नियमच आहे, बाबा. लाइटबिल मोबाइलवरून भरलं. माझ्या मीटरऐवजी मुकुंदाच्या मीटरला गेलं. आता ज्याला गेलं, त्यानं 'हे पैसे माझे नाहीत' असं लिहून द्यायचं. तरच परत."

"मग माग की. भिंतीपलीकडं तर राहतो."

विश्वंभररावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी? त्याच्या दारात? सहा वर्षं झाली, बाबा!"

सहा वर्षांपूर्वी वाटण्या झाल्या आणि घराच्या मधोमध भिंत आली. वडिलांच्या, अप्पांच्या नावाचं जुनं मीटर धाकट्या मुकुंदाकडं गेलं, थोरल्यानं स्वतःच्या नावाचं नवं बसवून घेतलं. तेव्हापासून भावाभावांत विस्तव जात नव्हता. बिलवाला मात्र जुन्या सवयीनं दोन्ही बिलं ओट्यावरच्या एकाच खिडकीत खोचून जायचा. ज्याचं त्यानं उचलायचं, दुसऱ्याचं तसंच ठेवायचं. बोलायचं नाही.

"पण चुकलं कसं रे? तू तर चुकत नाहीस."

"मोबाइलच्या यादीत दोन नावं होती. बोट... अप्पांच्या नावावर पडलं."

"वाटणी झाली तेव्हाच ते नाव पुसायचं होतंस."

विश्वंभरराव धुक्याकडं बघत राहिले.

"पुसवलं नाही," ते म्हणाले.

कुठंतरी आत पाणकोंबडी ओरडली. बाबांची सुई खाली गेली, वर आली.

"तुमचा शब्द तो मोडणार नाही, बाबा. त्याला इथं बोलवा, एवढी सही घ्या. नाही दिली, तर मी कोर्टात जाणार. मग भाऊ म्हणून बघणार नाही."

म्हणाले खरे, पण आवाज कापला. कोर्टाची पायरी चढली की उरलासुरला भाऊही गेला, हे काय त्यांना कळत नव्हतं? पण मागं सरतील तर ते विश्वंभरराव कसले!

"कागद वाचून दाखव," बाबा म्हणाले. "मला अक्षर येत नाही."

विश्वंभररावांनी वाचायला घेतलं. पहिली तक्रार. बँकेचं उत्तर. दुसरी तक्रार, तिसरी. प्रत्येक कागदावर अप्पांचं नाव होतं, आणि तिथं आलं की आवाज बसायचा. वाचता वाचता असं झालं की दुसरंच कुणी वाचतंय आणि आपण पाण्यात आहोत. याच तळ्यात त्यांनी मुकुंदाला पाठीवर घेऊन पोहायला शिकवलं होतं. गळ्याभोवतीचे ते ओले हात त्यांना आत्ताही जाणवले.

"झालं?"

"झालं."

"शेवटचा राहिला की. तो घडीचा."

"ते माझं या महिन्याचं बिल. मागचं मी पुन्हा भरलंच नाही. तक्रारीचा निकाल लागल्याशिवाय एक दमडी देणार नाही, म्हटलं. थकबाकी आणि वर दंड लागून आलं असेल. पुरावा म्हणून लावलंय."

"असेल?"

"असणारच! उघडून काय बघायचंय त्यात?"

बाबांची सुई थांबली. त्यांनी फाईलमधून तो कागद काढला, घडी उलगडली, गुडघ्यावर ठेवून तळव्यानं सरळ केला आणि उलटाच पुढं धरला.

"वाच."

विश्वंभररावांनी कागद सुलटा केला.

"मागील थकबाकी..."

ते अडले. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

"किती?"

"शून्य."

"पुढं."

"मागील भरणा..." तारीख त्यांनी दोनदा वाचली. बोट चुकलं, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची होती.

पैसे कुणी भरले, ते बिलावर लिहीत नाहीत. पण त्या खिडकीशी जाऊन बिल बघणारा दुसरा माणूस जगात एकच होता.

...

विश्वंभररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्या लाजेतच त्यांना इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले.

"त्याला वाटलं..." त्यांनी तारखेवर बोट ठेवलं. "त्याला वाटलं, मी मुद्दाम भरलं. अप्पांच्या नावाचं म्हणून... आणि त्यानं माझं भरलं."

धुकं थोडं हललं, पलीकडच्या घाटाची एक पायरी दिसली, पुन्हा बुजली.

मग बाबांनी हात लांब करून विश्वंभररावांच्या खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि त्यांच्या बोटांत दिलं.

"हेही पैसे चुकीच्या माणसाला गेले, बेटा. लिही तक्रार."