मागचा हात

"पण मध्येच काही झालं तर?"

"काय होईल?" आवडामाईंनी विचारलं.

हेमंत टिपणीसनं छातीवर हात ठेवला. मग मनगटावरच्या घड्याळात ठोके पाहिले.

वर्षापूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट टाकला होता. आता तो एकोणपन्नासचा. डॉक्टर म्हणाले, बरे आहात, सायकल चालवा. त्यानं गिअरची भारी सायकल घेतली, हेल्मेट घेतलं, सायकल चालवण्यावरची पुस्तकं वाचून काढली. पन्नाशीला आलेली माणसं भीतीसुद्धा अभ्यास करून बाळगतात.

महिनाभर तो ती सायकल हातात धरून चालतच फिरवत होता. सोसायटीचा वॉचमन रोज विचारी, "साहेब, आजही पंक्चर?"

शेवटी सायकल गाडीत घालून तो टेकडीवरच्या मठात माईंकडे आला होता.

"कॉलेजात असताना मी अख्खा घाट न थांबता चढायचो, माई. पुढं कुणी नसायचं."

"मग आता?"

"आता मागं कुणीतरी लागतं."

"सायकलवर?"

"सगळीकडेच... आंघोळीला गेलो तरी आतून कडी लावत नाही."

माई हसल्या नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माई उठल्या, पदर खोचला आणि सायकलची सीट मागून घट्ट धरली.

"बस. मी धरते."

"सोडणार नाही ना? लहानपणी बाबाही असंच म्हणाले होते. धरलंय, धरलंय म्हणत कधीच सोडून दिलं होतं."

"मी नाही सोडणार."

तो बसला. जांभ्या दगडाच्या अंगणात सायकल डुगडुगत निघाली. माई मागून धावत होत्या. त्यांचा श्वास त्याला ऐकू येत होता. एक फेरी झाली. त्याचे खांदे खाली आले. त्यानं उगीचच घंटी वाजवली.

"जमतंय, माई."

"सोडलं," माई म्हणाल्या.

त्यानं दचकून मागं पाहिलं. हँडल वळलं. सायकल आडवी झाली.

पडल्या पडल्या त्यानं छाती चाचपली. मग घड्याळ पाहिलं.

"चालू आहे?" शेजारून माईंनी विचारलं.

त्यानं मान हलवली. तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं... माईही जमिनीवरच होत्या. कोपर सोललं होतं. मूठ अजून सीटवर आवळलेली होती.

त्यानं घाईनं त्यांना उठवलं.

"म्हणजे तुम्ही धरलेलं होतं?"

"होतं."

"मग सोडलं असं का म्हणालात?"

माईंनी पदरावरची धूळ झटकली. त्या अंगणाच्या टोकाला, विहिरीकडे निघाल्या.



मग त्यानं सायकल उचलली. पुढचं चाक गुडघ्यांत धरून वाकडं झालेलं हँडल सरळ केलं. शाळेत असताना करायचा तसं. हातांना ते आठवत होतं.

तो सीटवर बसला. एक पाय पेडलवर, एक जमिनीवर. छातीत धडधडत होतं. घड्याळ पाहायचा मोह झाला. त्यानं दोन्ही हात हँडलवरच ठेवले.

मागं न बघता त्यानं विचारलं,

"माई, धरलंय ना?"

दूर विहिरीपाशी माई कोपरावर पाणी ओतत होत्या. तिथूनच म्हणाल्या,

"धरलंय."