नावाड्याची चिमा

नदीकाठच्या एका गावात लखू नावाचा नावाडी होता. त्याची बायको हौसा पलीकडच्या तीरावर मजुरीला जाई. घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून चार वर्षांची चिमा दिवसभर बापाबरोबर नावेत असे.

पण चिमा एका जागी बसेल तर शपथ. मासा दिसला की ती उठायची, पक्षी दिसला की धावायची. नाव डुले आणि उतारू ओरडत. लखूनं दटावलं, एकदा चापटही मारली. शेवटी त्यानं तिला दोरीनं फळीला बांधलं.

हौसानं ते पाहिलं. ती म्हणाली, "नाव उलटली तर बांधलेलं पोर कसं वाचेल? सोडा तिला."

"मग ती बसणार कशी?"

"शिकेल. थोडा वेळ द्या." लखूनं दोरी सोडली.

त्या दिवसापासून कामावरून आली की हौसा चिमाशी वाळूत खेळू लागली. 'बेडूक' म्हटलं की उड्या मारायच्या, 'बगळा' म्हटलं की स्तब्ध उभं राहायचं. सुरुवातीला चिमा 'बगळा' ऐकूनही उड्याच मारी आणि खदखदून हसे. हौसा रागावली नाही. कधी ती चिमालाच हुकूम द्यायला सांगे आणि स्वतः बगळा होई. हळूहळू चिमा स्वतःलाच बजावू लागली, "बगळा हलत नाही, बगळा हलत नाही."

पावसाळ्यानंतर एकदा नाव भर प्रवाहात असताना एका बाईची शेळी बिथरली. तिनं उसळी घेतली, नाव कलली, पाणी आत आलं. घाबरलेल्या चिमाला बापाकडे धाव घ्यायची होती. ती अर्धवट उठलीही.

"जागेवर बसा सगळे!" लखू ओरडला.

चिमा मटकन खाली बसली. फळी घट्ट धरून, डोळे मिटून ती "बगळा हलत नाही" असं पुटपुटत राहिली. लखूनं वल्ह्यानं नाव सावरली, दोघा उतारूंनी शेळीला दाबून धरलं, आणि नाव सुखरूप काठाला लागली.

काठावर लखूनं तिला उराशी धरलं. उतारूंनी तिचं कौतुक केलं. कोणीतरी तिला गुळाचा खडा दिला. तो चिखलात पडला, तशी चिमानं भोकाड पसरलं आणि तिथंच लोळण घेतली.

उतारू हसले. "आत्ता तर किती शहाणी होती!"

"चार वर्षांची आहे ती," लखू म्हणाला. तो तिच्याशेजारी मातीत बसला, आणि ती शांत होईपर्यंत उठला नाही.

तात्पर्य: लहान मुलाला संयम धाकानं किंवा दोरीनं शिकवता येत नाही; मोठ्यांनी धीर धरला, तर तो खेळता खेळता हळूहळू त्याच्या अंगी येतो.