घरावरचा बोजा

एका गावात गेणू नावाचा एक भोळा शिपाई होता. शाळेची घंटा वाजवणं हे त्याचं काम. एकदा हेडमास्तर म्हणाले, "जरा दणकून वाजव." त्याने घंटा फुटेपर्यंत वाजवली. माणूस सोन्यासारखा, पण सांगाल ते सगळंच्या सगळं करायचा.

बँकेचं कर्ज काढून त्याने कौलारू घर बांधलं. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी राहून गेली. फोडणी टाकली की आख्खं घर खोकायचं.

एक दिवस बायको अनसूया म्हणाली, "अहो, आपल्या बँकेचं व्याज फार. कर्ज दुसऱ्या बँकेत नेलं तर हप्ता कमी होईल, अन् माझी खिडकी होईल. पण आधी चार ठिकाणी विचारून या."

गेणू न्हाव्याकडे गेला, गिरणीत गेला, चहाच्या टपरीवर गेला, देवळात गेला. हसतमुखाने परत आला.

"काय विचारलंत?"

"बरं आहे का, म्हणून विचारलं. चौघांचंही बरं आहे."

अनसूयेने कपाळावर हात मारला. "अहो, व्याज किती, फाईलचा खर्च किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे विचारायचं!"

"असं होय! आता तसंच विचारतो."

संध्याकाळी तिने त्याला शेजारच्या सरूकाकूंकडे वाटीभर साखर मागायला पाठवलं. काकूंनी वाटी भरून पुढे केली.

गेणू म्हणाला, "व्याज किती? फाईलचा खर्च किती? उद्याच फेडली तर दंड किती?"

काकूंनी साखर परत डब्यात ओतली.

"अहो, कुणी आपणहून देत असलं की गुमान घ्यायचं, हसायचं आणि घरी यायचं!" अनसूया बिनसाखरेचा चहा पीत म्हणाली.

"असं होय! आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी गेणू नव्या बँकेत गेला. साहेबांनी अर्ज पुढे केला. "हप्ता बराच कमी करून देतो. मुदत मात्र दहाची पंचवीस वर्षं होईल. चालेल?"

गेणू हसला. गुमान सही केली आणि घरी आला.

अनसूयेने ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणीच पळालं. "म्हणजे पंधरा वर्षं जास्त भरायचं! घंटा दुसरा कुणी वाजवत असेल, तरी आपला हप्ता चालूच!" ती तशीच बँकेत धावली. व्याज नवं, मुदत जुनी, असा अर्ज बदलून आली. "आता तरी ध्यानात ठेवा. कागद आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. लिहिलंय तस्संच वागायचं."

मग ती दोन दिवस माहेरी गेली. मागे बँकेचं पत्र आलं. गेणूने ते तीनदा वाचलं. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, 'सोमवारी घराची पाहणी होईल. घरावरचा जुना बोजा उतरवून घ्यावा, म्हणजे आमचा नवा बोजा चढवता येईल.'

गेणूने अंगणात येऊन घरावर पाहिलं. घरावर कौलं होती.

"केवढी भली बँक!" तो म्हणाला आणि सरूकाकूंकडे शिडी मागायला गेला. काकूंनी दिली. त्याने गुमान घेतली, हसला आणि घरी आला.

सोमवारी सकाळी अनसूया एसटीतून उतरली, तेवढ्यात साहेबांची जीपही आली. दोघं अंगणात आली आणि खिळून उभी राहिली. कौलांची नीट रास रचलेली. वासे एका बाजूला. घराच्या चार भिंती आणि वर निळं आभाळ.

"मी घराची किंमत लावायला आलोय," साहेब कसेबसे म्हणाले. "छप्पर कुठंय?"

"अहो, बोजा म्हणजे बँकेची नोंद!" अनसूया ओरडली. "ती ग्रामपंचायतीच्या कागदावर असते, कौलांवर नाही! आता कसलं कर्ज आणि कसली माझी खिडकी?"

"अगं, खिडकी हवी कशाला?" गेणू समजुतीने म्हणाला. "जरा वर बघ तरी!"

मग त्याने जीपच्या मागे दूरवर रस्ता न्याहाळला, शिडी भिंतीला लावली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"या साहेब, चढा. तुमचा नवा बोजा मागून ट्रकने येतोय ना?"