अस्पष्ट शिक्क्याचा लखोटा

फार फार मागे, पत्रं शिडाच्या जहाजांतून फिरत आणि उत्तर यायला वर्ष उलटून जाई, त्या काळची ही गोष्ट आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा अधिकच लक्ष देऊन ऐकावी.

समुद्रकाठच्या एका राज्यात विसाजी नावाचा नाखवा राहत होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने जहाजावर काढली होती. इतर नाखवे परमुलखातून रेशीम आणत, मोती आणत. विसाजी जुने लखोटे आणी, तेही एकाच मुलखातले, समुद्रापलीकडच्या अमेरिकेतले. आतली पत्रं केव्हाच कुणी काढून घेतलेली असत. विसाजीला ती नकोच होती. त्याचा जीव जडला होता लखोट्यांवरच्या टपालाच्या शिक्क्यांवर.

त्या मुलखात पूर्वी गावं उगवत आणि मावळत. सोनं सापडलं की गाव वसे, सोनं संपलं की उठून जाई. कधी नदी पात्र बदले आणि गाव पोटात घेई. पण तेवढ्या अवधीत तिथून कुणी पत्र धाडलेलं असलं, तर गावाचं नाव लखोट्यावर गोल शिक्क्यात उमटून राही. घरं गेली, माणसं गेली, तरी ते नाव राही. विसाजीला याचं फार नवल वाटे.

म्हातारपणी तो बंदरावरच्या घरात स्थिरावला. बायको सुभद्रा सोबतीला होती. जुना मित्र आदमभाई बंदरावर अत्तर विकत असे. त्यालाही लखोट्यांचा नाद होता, त्यामुळे दोघांच्या दुपारी मजेत जात.

एकदा एका परदेशी खलाशाने विसाजीला एक लखोटा विकला. त्यावरचा शिक्का ओल लागून फुटला होता. आरंभी ‘मॉ’ दिसत होतं, शेवटी ‘फील्ड’ दिसत होतं. मधली शाई पसरून तिचा नुसता काळपट ढग झाला होता.

विसाजीला लगेच एक नाव सुचलं. मॉर्लफील्ड नावाचं सोन्याचं एक गाव जेमतेम एक उन्हाळा टिकलं होतं, आणि त्याचा शिक्का आजवर कुणालाच मिळाला नव्हता.

आदमभाईने लखोटा उजेडात धरला. बराच वेळ पाहून तो म्हणाला, “नाखवा, मला हे मॉसफील्ड वाटतं.”

“असं गाव कुठल्याच नकाशात नाही.”

“नकाशात नाही हे खरं. पण म्हणून ते नव्हतंच, असं कसं म्हणू?”

विसाजीने लखोटा सुभद्रेपुढे धरला. तिला ती लिपी येत नव्हती. तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “मला तर इथं डाग दिसतो.”

तिथून विसाजीचा गोंधळ सुरू झाला. सकाळी तो भिंग लावून बसला की मॉर्लफील्ड स्पष्ट दिसे. जेवून पुन्हा पाही, तर मॉसफील्ड. एखाद्या दिवशी दोन्ही नाहीशी होत आणि भलतंच तिसरं नाव डोळ्यांपुढे येई. त्याने लखोटा तिरका धरून पाहिला, उन्हाकडे धरून पाहिला, एक डोळा मिटून पाहिला. ती दोन नावं तो मनाशी इतक्या वेळा घोकू लागला की शेवटी दोन्हींचा अर्थच उडाला. आमटीत मीठ पडलेलं नाही हेही त्याला कळेना.

“कळत नाही तर कळत नाही म्हणावं,” सुभद्रा म्हणाली. “त्यात कमीपणा कसला?”

“जे काय आहे हेच मला ठाऊक नाही, ते माझ्या संग्रहात कसं ठेवू?”

“संग्रहाच्या वहीत ‘वाचता येत नाही’ असं लिहा आणि ठेवा.”

विसाजीने पुन्हा भिंग हाती घेतलं. त्याला ते पटलं होतं, पण सोसत नव्हतं.

त्याच सुमारास राजधानीतून दवंडी आली. राणीसाहेब देशोदेशीच्या दुर्मीळ वस्तूंचं प्रदर्शन भरवणार होत्या. विसाजी आणखी बेचैन झाला. डाग घेऊन दरबारात जायचं कसं?

एका दुपारी सुभद्रा बाजारात गेली असता त्याने दिव्याची काजळी खलून शाई केली आणि पिसाच्या बारीक टोकाने ढगात एक रेघ ओढली. ‘आहे तेच जरा उजळतोय,’ असं त्याने मनाला सांगितलं. पण एक रेघ उजळली तशी शेजारची फिकी दिसू लागली. मग तीही उजळावी लागली. सुभद्रा परत आली तेव्हा शिक्का लखलखीत झाला होता. कुणीही वाचावं, मॉर्लफील्ड.

विसाजीला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

दरबारात त्याचं कौतुक झालं. राणीसाहेबांनी स्वतःच्या हाताने त्याला शाल पांघरली. विसाजी घरी परतल्यावर आदमभाईने लखोटा पाहिला.

“शिक्का आता स्वच्छ दिसतो,” तो म्हणाला.

“ऊन दाखवलं. दमटपणा गेला.”

आदमभाईने लखोटा खाली ठेवला. त्या दुपारी तो लवकर घरी गेला.

पुढच्या वर्षी एका जहाजातून हॅना नावाची बाई उतरली आणि विसाजीचं घर विचारत आली. आदमभाईला परदेशी जहाजांवरच्या व्यवहारामुळे तिची भाषा येत होती. तो तिचं बोलणं मराठीत सांगू लागला.

“माझी आई फार म्हातारी झाली आहे,” हॅना म्हणाली. “तिची आजी ज्या गावची, ते गाव नदीने नेलं. मॉसफील्ड त्याचं नाव. पण असं गाव कधी नव्हतंच, असं सगळे म्हणतात. आई जन्मभर त्यांच्याशी भांडली. आता तिचं तिलाच वाटू लागलंय की आजीने ते गाव मनाने रचलं असावं. तुम्हाला लखोटा विकणारा खलाशी मला भेटला. तो म्हणाला, शिक्का फुटलेला आहे, पण ‘मॉ’ आणि ‘फील्ड’ दिसतं. म्हणून आले.”

“पण फुटलेला शिक्का ओळखणार कसा?” आदमभाईने विचारलं.

“शिक्का कोरणाऱ्याने ‘स’चं अक्षर उलटं कोरलं होतं. आईची आजी त्यावरून हसायची. त्याचं एखादं वळण जरी दिसलं, तरी मला पुरे.”

विसाजीने लखोटा पुढे केला.

हॅनाने वाचलं. पुन्हा वाचलं. “हे मॉर्लफील्ड आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “त्रास दिला तुम्हाला.” आणि ती उठली.

विसाजी गप्प राहिला असता तर ती निघून गेली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं. पण तो म्हणाला, “आदमभाई, थांबव तिला. मधली अक्षरं माझ्या हातची आहेत. मी ती काढली.”

आदमभाईने खाली मान घालून ते तिला सांगितलं.

हॅना परत बसली. “मग त्याखाली काय होतं?”

विसाजीने डोळे मिटले. पहिली रेघ ओढताना शाईखाली एक बाक दिसला होता, असं त्याला वाटलं. तो उलट्या अक्षराचा बाक होता, की कागदाची चुणी? तो आठवू पाही तसा तो बाक कधी डावीकडे वळे, कधी उजवीकडे. ‘हो, उलटं अक्षर होतं,’ एवढं म्हटलं की या बाईची वारी सफळ होणार होती. शब्द अगदी ओठांवर आले.

“अहो,” सुभद्रा म्हणाली, “आणखी एक रेघ नका ओढू.”

विसाजीने डोळे उघडले. “मला माहीत नाही,” तो म्हणाला. “आता कुणालाच कळायचं नाही.”

हॅना रागावली नाही. तिने विचारलं, “मी आईला काय सांगू?”

ती आली तशी रिकाम्या हाताने गेली.

विसाजीने शाल राणीसाहेबांकडे परत धाडली आणि झालेलं सगळं कळवलं. त्यानंतर त्याचे अस्सल लखोटेही कुणी भिंगाशिवाय पाहिना. त्याला कुणाचा राग आला नाही, कारण तो स्वतःही एकेक शिक्का उजेडात धरून, यालाही कधी आपली शाई लागली होती का, हे आठवत बसे, आणि पुष्कळदा त्याला ते नक्की सांगता येत नसे.

तात्पर्य : जे कळत नाही ते कळत नाही असंच राहू द्यावं, ओढूनताणून आणलेली स्पष्टता सत्याची वाट कायमची बुजवते.