भुंग्याला उचलू नका

फार वर्षांपूर्वी, खरजाईच्या माळावर माणसं कमी आणि लांडगे जास्त होते तेव्हाची ही गोष्ट. तिथल्या धनगरांत म्हाकुबाई नावाची एक सून होती. हाडं बसवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोडलेल्या पायाला ती बांबूच्या कामट्या अशा बांधायची, की मेंढरू पुन्हा कळपात उड्या मारायचं. पण बाईच्या स्वतःच्या पायाला भिंगरी होती. जेवायची उभ्यानं आणि बोलायची चालता चालता. असं म्हणतात, की लग्नात ती पाटावरून दोनदा उठली आणि दोन्ही वेळा मामानं तिला खांदे दाबून खाली बसवली.

तिच्याच चालीचा तिचा कुत्रा होता, भुंग्या. दिवसभर कळपाभोवती गरगरत असायचा. एकदा कोणीतरी रानडुकरासाठी लावलेल्या फाशात त्याचा मागचा पाय सापडला. सोडवेपर्यंत हाडाचा चुरा झाला होता. दोन दिवसांनी पाय काळा पडला आणि वास येऊ लागला. तिथं कामट्यांचं काही काम उरलं नव्हतं.

आता त्या लोकांची एक रीत होती, तीही सांगितली पाहिजे. तळ हलला की जे चालेल ते बरोबर यायचं. जे चालणार नाही, त्याला लांडग्यांच्या तोंडी सोडून जायचं नाही. तळाच्या कारभाऱ्यानं स्वतः त्याला ओढ्याकडे न्यायचं आणि एका घावात सोडवायचं. कारभारी होता म्हाकुबाईचा सासरा, सिदू. माणूस वाईट नव्हता. कुऱ्हाड उचलताना त्याचे डोळे भरायचे, पण कुऱ्हाड उचलली जायची.

म्हाकुबाईनं त्याच्या आधी कोयता उचलला. तो विस्तवात तापवला, भुंग्याचं तोंड फडक्यानं बांधलं आणि सडका पाय सांध्यावरून वेगळा केला. जखमेवर हळद दाबून ती रात्रभर त्याच्याभोवती फेऱ्या घालत राहिली. असं म्हणतात, की सकाळी तिथं तिच्या पावलांनी पायवाट पडली होती. भुंग्या जगला.

आणि इथं शहाण्या बाईनं वेडेपणा केला. जखम भरून आली तरी तिनं त्याला खाली ठेवलाच नाही. तळ कोकणाकडे निघाला तेव्हा कोकरांच्या टोपलीत घालून त्याला घोड्यावर बसवला. तळ पडला की दोरीनं बांधून ठेवायची आणि भाकरी कुस्करून हातानं भरवायची. बायका येता-जाता त्याला कुरवाळायच्या आणि "बिचारा" म्हणायच्या. इतकी माया कोणा राजाच्या कुत्र्यालाही मिळाली नसेल! पण भुंग्या वाळत चालला. भाकरीकडे बघेना. रात्रंदिवस दोरी चावायचा आणि कळपाकडे बघून कण्हायचा. ते कण्हणं ऐकून सगळ्या तळाची झोप उडाली होती.

घाटाच्या तोंडाशी तळ पडला, तेव्हा सिदू तिच्याजवळ आला.

"म्हाकू, तू त्येला वाचीवलंस. पर ह्ये काय जगणं हाय का पोरी? उद्या घाट उतरायच्या आदी मी त्येला सोडवतो."

"मामंजी, दुखत न्हाई त्येला आता. जखम सुकलीया."

"मग कण्हतंय कशापायी?"

ती तिथून उठली आणि तळाभोवती चालत सुटली. त्याचा पाय तिनंच तोडला होता आणि उद्या त्याचा जीवही जाणार होता.

दिवेलागणीला लांडगा आला. मेंढरं बिथरली आणि एकगठ्ठा कड्याच्या दिशेनं पळत सुटली. कड्याखाली दरी होती. गडी धावले, पण ते मागे पडले. भुंग्या दोरीला हिसके देत होता, गळ्यातून रक्त येईपर्यंत. म्हाकुबाईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तेव्हा तिला कळलं, की तो पायासाठी कण्हत नव्हता. तिनं दोरी कापली.

भुंग्या उठला आणि तोंडावर आपटला. सिदू त्याला उचलायला धावला, तशी ती काठी आडवी धरून उभी राहिली.

"हात लावू नगा!"

"आगं, पडतंय ते!"

"पडू द्या!"

तो पुन्हा पडला. आयुष्यात कधी एका जागी न थांबलेली ती बाई तेव्हा दात-ओठ खात जागच्या जागी उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण पाय हलला नाही. मग भुंग्यानं उरलेला मागचा पाय पोटाखाली मधोमध घेतला, अंग तोललं आणि निघाला. असं म्हणतात, की तो वावटळीसारखा गेला. कड्याच्या काठावरून त्यानं सगळा कळप वळवला आणि त्याची ती तिरपी धाव कुठं वळेल याचा अंदाज न आल्यानं लांडगा शेपूट घालून पळाला. काही जण तर म्हणतात, की धुळीत त्याच्या चारही पायांचे ठसे उमटले होते. मला नाही ते पटत. तीनच उमटले असतील, आणि तेवढे पुरले.

परत आल्यावर भुंग्यानं सिदूच्याच फडक्यातली अख्खी भाकरी पळवली. सिदूनं कुऱ्हाड घोड्यावरच्या ओझ्यात पार तळाशी घातली. पुढे बरीच वर्षं भुंग्या घाट चढला आणि उतरला, पोरांच्या खोड्या काढत राहिला, दुसऱ्या तळांवरच्या कुत्र्यांशी भांडला आणि म्हातारा होऊन उन्हात झोपेतच गेला.

म्हाकुबाईचं देऊळ कुठंही नाही. एका जागी बसवलेलं तिला आवडलं नसतं. पण त्या माळावर आजही एखाद्या कुत्र्याचा पाय गेला, तर जखम भरल्यावर तळावरची सगळी माणसं गोल करून उभी राहतात आणि त्याला मधे मोकळं सोडतात. कुत्रं धडपडतं, पडतं, माणसांकडे बघून केविलवाणं होतं. ज्याचं कुत्रं असतं, त्याचा जीव कासावीस होतो. शेजारी उभा असलेला माणूस त्याचा दंड घट्ट धरतो आणि हळूच म्हणतो, "म्हाकुबाईची आन हाय, थांब." तो थांबतो, आणि कुत्रं उठेपर्यंत माळावर कोणी हलत नाही.