चाफ्याचा चीक

लहानग्यांनो, आणि त्यांच्याजवळ बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट फार मागच्या काळातली आहे. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाबाहेर देवीचं देऊळ आणि देवळामागे चाफ्याची बाग. बाग राखायची कोंडाई नावाची माळीण. चैत्रात देवीला हार द्यायचे आणि त्याबदल्यात बागेतल्या खोपटात राहायचं, अशी तिच्या घरची रीत होती.

एका वर्षी ऐन थंडीत कधी नव्हे तो पाऊस लागला. सारा पौष आभाळ गळत राहिलं. बागेत घोटाभर चिखल झाला. चाफ्याच्या फांद्या काळ्या पडल्या, शेंडे मऊ होऊन कुजले. माघ सरत आला, तरी कुठे हिरवा ठिपका दिसेना.

त्याच पावसात कोंडाईची सून बयजा तापाने अंथरुणाला खिळली. ताप उतरला, पण अंगातलं बळ घेऊन गेला. चार पावलं चालली की तिला धाप लागे. तिचा नवरा म्हादू रोज सकाळी तिला उचलून खोपटाबाहेर उन्हात बसवायचा. दिवसभर ती भिंतीला टेकून बागेकडे बघत राही.

कोंडाई वाईट नव्हती, पण घाबरली होती. एक दिवस ती म्हादूला म्हणाली, "चाफा मेला रे. तोडून टाकू आणि भाजी लावू, निदान पोटाला तरी मिळेल. आणि हिला पोचव माहेरी. हिच्याच्यानं आता काही व्हायचं नाही."

म्हादूने लाकूडतोड्याला निरोप धाडला. बयजाने ते सगळं ऐकलं. तिने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्या आला. पहिलं झाड त्याने आडवं केलं. मग दुसऱ्याकडे वळून कुऱ्हाड उचलली, तोच मागून आवाज आला, "थांबा हो दादा!"

बयजा भिंतीला धरत, मधेच बसत, पुन्हा उठत, चिखल तुडवत येत होती. कोंडाई ओरडली, "अगं, पडशील!"

बयजा झाडाला धरून उभी राहिली. तिला बोलवेना. तिने नुसतं वर बोट केलं. कुजलेल्या शेंड्याच्या जरा खाली, काळ्या सालीतून एक कोंब निघाला होता. चिमणीच्या चोचीएवढा असेल, हिरवा आणि ओला.

"पलीकडच्या झाडालाही आहेत, आत्याबाई," ती धापा टाकत म्हणाली. "परवापासून मुंग्या वर चढतायत. काल मध प्यायला शिंजीर पक्षी येऊन गेला. तीन दिवस बघतेय मी."

"तीन दिवस? मग बोलली का नाहीस?"

"मला कोण विचारतंय, आत्याबाई?"

कोंडाई तोडलेल्या झाडापाशी गेली आणि वाकून बघू लागली. कापलेल्या बुंध्यातून पांढरा चीक भळाभळा वाहत होता. मेलेल्या लाकडाला चीक येत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आयुष्यभर चाफा राखलेल्या बाईने साधी साल खरवडूनही पाहिली नव्हती. झाडाची नाही आणि माणसाचीही नाही.

तिने लाकूडतोड्याला परत पाठवलं. मग पदराने सुनेच्या पायांचा चिखल पुसायला बसली. "अहो, हे काय!" म्हणत बयजा पाय ओढून घेऊ लागली, तर कोंडाई म्हणाली, "गप बस. कुठं जायचं नाही तुला. बरी होईस्तोवर अशीच उन्हात बस, आणि काय काय दिसतं ते मला रोज सांग."

मायलेकांनी चर खणून बागेतलं पाणी काढलं, कुजके शेंडे छाटले. त्या चैत्रात फुलं निम्मीच आली. देवीचे हार बारीक झाले, पण झाले. ते सारे बयजाने बसल्या बसल्या ओवले. तिच्या पायांत बळ यायला पुढचा आषाढ उजाडावा लागला. तोडलेलं झाड मात्र परत आलं नाही. कोणी त्या रिकाम्या जागेबद्दल विचारलं, की कोंडाई काही न लपवता सांगे, "ते जिवंत होतं. मीच घाई केली."

तात्पर्य: जो थकून गप्प झाला आहे त्याला संपलेला समजू नये, आधी जवळ जाऊन विचारावं, आणि सावरायला वेळ द्यावा.