चित्रातले माणकशेठ

“दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपर्यंत या चित्रासारखी दिसली नाहीस, तर गाव सोडायचं!” राजानं फर्मावलं.

फुलवाली चिमा मान खाली घालून उभी होती. लग्न नुकतंच झालेलं. सासरी मिठाचा डबा कुठल्या फळीवर असतो हे आत्ता कुठे कळलं होतं, आणि गाव सोडायचं!

सगळा घोळ माणकशेठच्या उटण्याचा. शेठनं चिताऱ्याकडून चिमाचं चित्र काढून घेतलं आणि दुकानावर टांगलं. ‘आमचं उटणं लावा, अशा दिसा!’ शेठच्या सांगण्यावरून चिताऱ्यानं तिच्या गालावरचे देवीचे वण पुसले, हनुवटीवरचा तीळ उडवला, सावळा रंग केतकीसारखा केला. सासूबाई तर येता-जाता चित्राकडे बघून म्हणायच्या, “ही मिळाली असती तर!”

पण चिमा समोरच हार विकायची. बायका आधी चित्र बघायच्या, मग चिमाला बघायच्या, आणि उटणं न घेताच घरी जायच्या.

शेठ रडत राजाकडे गेला. “महाराज, ही मुद्दाम उटणं लावत नाही! माझं नाव घालवते!” राजाला चित्र फार आवडलेलं. त्यानं चिमाला हुकूम सोडला, वर दिवाळीच्या दरबारात शेठला शेला द्यायचंही ठरवलं.

“होईन मी चित्रासारखी,” चिमा हळूच म्हणाली. “एकच विनंती, महाराज. दिवाळीला दारात ही गर्दी! भलताच कोणी शेला घेऊन गेला तर? शेठजींचंही चित्र काढून देवडीवर लावावं. चेहरा जुळेल त्यालाच शेठ म्हणून आत सोडावं.”

“वा! पोरीला शेठची केवढी काळजी!” राजा खूश झाला.

शेठ खुशीत चिताऱ्यासमोर बसला. “मिशा काळ्याभोर कर. गाल भर जरा. पोट आत घे.”

“आणि नाकावरची चामखीळ?”

“कुठली चामखीळ?”

दिवाळी उजाडली. नवी पगडी घालून शेठ देवडीवर आला, तर पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला.

“आजोबा, कुठे निघालात?”

“अरे, मी माणकशेठ!”

“माणकशेठ हे!” पहारेकऱ्यानं चित्राकडे बोट दाखवलं. “तुम्ही त्यांचे वडील का?”

“मीच तो! नीट बघ!”

“बघितलं की. त्यांच्या नाकावर काही नाही!”

आरडाओरडा ऐकून राजा स्वतः बाहेर आला. शेठ घामाघूम झाला होता. “महाराज, चित्रात थोडंफार करावंच लागतं! जसं आहे तसं कोण काढून घेतं?”

गर्दीतून हारांची टोपली घेऊन चिमा पुढे झाली.

“महाराज, माझी मुदतही आजच संपते. उटणं तर शेठजींच्या घरचंच. त्यांनी जाऊन छान चोळून आंघोळ करावी आणि चित्रासारखं होऊन यावं. ते आत गेले की त्यांच्या पाठोपाठ मी आलेच!”

राजानं चित्र बघितलं, मग चामखीळ बघितली, आणि तो असा हसत सुटला की पहारेकऱ्याचा खांदा धरावा लागला! शेला चिमाच्या अंगावर पडला, आणि हारांच्या दुकानाला थेट देवडीशेजारची जागा मिळाली.

“चिताऱ्या! हिचं चित्र पुन्हा काढ. तीळ हवा, वण हवेत, सगळं हवं!”

चितारी निघाला तोच राजाला दरबारातलं आपलं चित्र आठवलं. त्यानं गळ्यावरून हात फिरवून पाहिला आणि त्याला पुन्हा हसू फुटलं.

“आणि काय रे, माझी दुसरी हनुवटी कुठे ठेवलीस? तीही परत आण!”